साहेब प्रश्न विचारायला लागले की लोक काय समजतात

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते, आता सीएनसी मशिन शॉपचे (संगणकाच्या प्रोग्रामवर धातूचे पार्ट कापणाऱ्या मशिनांचा विभाग) विभागप्रमुख झालेत. तीन शिफ्ट मिळून चाळीसेक माणसं हाताखाली. एचआरने दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं आणि सांगितलं, हुकूम सोडू नका, कोचिंग करा. उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा. त्यांनी तसं सुरू केलं. थोड्याच दिवसांत शॉपमध्ये कुजबुज, की नव्या साहेबांना काही येत नाही म्हणून आपल्यालाच विचारतात. रात्रीचे फोन काही थांबले नाहीत. आता हे सोडून द्यावं का?

सोडू नका. पण तुम्ही जे वर्णन केलंय, त्यात एक गोष्ट कुठेच नाही: निर्णय कोणाचा? तुम्ही विचारता, ऑपरेटर काहीतरी बोलतो, मग तुम्ही म्हणता, 'नाही, असं कर.' त्याच्या जागी उभं राहून बघा. ही तोंडी परीक्षा झाली. बरोबर उत्तर साहेबांच्या खिशात आहे आणि आपल्याला ते ओळखायचंय. डिप्लोमाची व्हायव्हा देऊन वर्ष न झालेल्या पोराला हा खेळ चांगला कळतो. तो गप्प राहतो, कारण गप्प राहिलं की साहेब शेवटी सांगतातच. मग तुमचा वेळ दुप्पट जातो, त्याचं शिकणं शून्य, आणि रात्री अडीचला फोन येतोच, कारण ठरवायचा अधिकार अजून तुमच्याकडेच आहे.

मशिन शॉपमध्ये वीसेक वर्षं काढल्यावर माझं म्हणणं एका वाक्यात मावतं: निर्णय खाली दिल्याशिवाय प्रश्न विचारू नका. आधी किती जागा देणार ते ठरवा, ते लोकांना सांगा, आणि त्या जागेपुरतंच कोचिंग करा.

'जागा' म्हणजे काय, ते आपल्या कामात मोजून सांगता येतं, हे आपलं नशीब. ऑफिसातल्या लोकांना ते इतकं सोपं नसतं. आपल्याकडे कंट्रोल प्लॅन (काय, कसं, कधी तपासायचं याचा लेखी आराखडा) असतो, कस्टमरने मंजूर केलेली प्रोसेस असते. फीड, स्पीड (कापण्याचे वेग), इन्सर्टचा (टूलला बसवायच्या धारेच्या तुकड्याचा) ग्रेड किंवा प्रोग्राम मनाला येईल तसा बदलता येत नाही आणि बदलूही नये. पण टूल वेअर ऑफसेट (टूल झिजतं त्याची मशिनला द्यायची भरपाई) किती द्यायचा, इन्सर्टची धार कधी फिरवायची, संशय आला तर किती पीस बाजूला काढायचे, गेज (मोजायचं साधन) पुन्हा कधी झिरो करायचा, हे ऑपरेटरने ठरवलं तर काही बिघडत नाही. एका लाइनवर आम्ही असं लिहून लावलं होतं: एका वेळी १० मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ऑफसेट ऑपरेटरने विचारल्याशिवाय द्यायचा, वहीत नोंद करायची, त्याच्या वर सेटर (मशिन लावून देणारा अनुभवी माणूस), प्रोग्रामला हात लागायचा असेल तर इंजिनिअर. मशिन थांबवायचा अधिकार मात्र सगळ्यांना, आणि थांबवलं म्हणून कोणी ओरडणार नाही. ही शेवटची ओळ लिहायला सोपी आहे. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना ती पाळायला जड जाते, आणि लोक नेमकं तेव्हाच तुमच्याकडे बघत असतात.

आता प्रत्यक्ष कोचिंग कसं दिसतं ते सांगतो. माझ्या पाहण्यातली एक केस घेतो, कारण नुसत्या तत्त्वांनी तुमचं काही होणार नाही.

स्टीलचा फ्लँज (जोडणीची चकती), त्याचा बोअर, म्हणजे भोक, ३५ एच७. म्हणजे ३५.००० ते ३५.०२५ मिलिमीटर, एकूण २५ मायक्रॉनची सवड. दुसऱ्या शिफ्टला क्यूएमध्ये (गुणवत्ता तपासणीत) अंडरसाइज, म्हणजे भोक लहान असलेले, पीस सापडायचे, आणि ट्रेनी ऑपरेटर शपथेवर सांगायचा की माझ्या बोअर गेजवर ओके होते. सेटरचं म्हणणं, इन्सर्टची लॉटच खराब आहे. रिजेक्शन मीटिंगमध्ये नेहमीचं ठरलेलं उत्तर तयार होतं: ऑपरेटरची चूक, पुन्हा ट्रेनिंग दिलं. आपल्या इंडस्ट्रीत आठ-डी रिपोर्टमध्ये (दोषाचं कारण आणि उपाय मांडणारा अहवाल) हे वाक्य इतक्या वेळा लिहिलं गेलंय की त्याचा रबरी शिक्का करून घ्यायला हरकत नाही.

त्या पोराशी लाइनवरच झालेलं बोलणं साधारण असं होतं.

'काय व्हायला हवंय?'

'बोअर टॉलरन्समध्ये, आणि क्यूएला एकही अंडरसाइज जायला नको.'

'आत्ता काय होतंय?'

'माझ्याकडे ओके, तिकडे रिजेक्ट.'

'कधी?'

'रोजच होतंय, सर.'

'रोज किती वाजता?'

इथे तो थांबला. बराच वेळ थांबला. मलाही बोलावंसं वाटत होतं. शेवटी म्हणाला, 'ते नाही माहीत. पीसवर टाइम टाकतो आजपासून.'

'टाक. काय दिसेल असं वाटतं?'

'सेटर म्हणतात तसं इन्सर्ट खराब असेल तर कधीही दिसेल. टायमिंगचा संबंध नसणार.'

'कधी कळेल?'

'उद्या शिफ्ट संपेपर्यंत.'

दुसऱ्या दिवशी दिसलं, की सगळे खराब पीस शिफ्ट सुरू झाल्यापासून चहाच्या सुट्टीपर्यंतचे. चहानंतर एकही नाही. मग त्याचं त्यालाच सुचलं की चहानंतर आपण एक गोष्ट वेगळी करतो: गेज मास्टर रिंगवर (अचूक मापाच्या नमुना कड्यावर) पुन्हा झिरो करतो. आणि शिफ्टच्या सुरुवातीचा झिरो? तोही रिंगवरच, पण ती रिंग नुकतीच क्यूएच्या एसी रूममधून उचलून आणलेली. मे महिन्याची दुपार, शॉपमध्ये पीस ३८ अंशांवर, रिंग २२ अंशांवर. स्टील दर अंशाला मीटरमागे साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. ३५ मिलिमीटरला १६ अंशांचा फरक म्हणजे सहा मायक्रॉनहून थोडा जास्त. गेज प्रत्येक पीस तेवढा मोठा दाखवत होता. इन्सर्ट झिजत जातं तसा बोअर लहान होत जातो, गेजवर ३५.००४ दिसतंय म्हणून हा निवांत, आणि पीस २० अंशांवर येऊन क्यूएच्या टेबलावर गेला की खरा आकडा ३५ च्या खाली. रिंग लाइनवर आधी आणून ठेवायची, शॉपच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच झिरो मारायचा, एवढाच उपाय निघाला. पैसा लागला नाही.

या प्रकरणात मला दुसऱ्याच प्रश्नाला साधारण अंदाज आला होता. तुम्हालाही येईल, अनुभवाचा उपयोगच तो. मग सांगून का टाकलं नाही? सांगितलं असतं तर त्याला एक नियम मिळाला असता: रिंग आधी आणून ठेव. शोधल्यामुळे त्याला एक पद्धत मिळाली: खराब पीस कधी येतो ते आधी बघ, मग कारण शोध. पुढे दुसऱ्या मशिनवर, दुसऱ्याच दोषाला त्याने आपण होऊन पीसवर वेळ टाकायला सुरुवात केली.

पण एक अट आहे आणि ती ट्रेनिंगवाले सांगत नाहीत. तो शोधत असताना कस्टमरला खराब माल जाता कामा नये. त्या दोन शिफ्टचा प्रत्येक पीस थंड करून शंभर टक्के तपासायचा, संशयित माल लाल ट्रेमध्ये, हे मी ठरवलं होतं आणि तिथे कोणालाही प्रश्न विचारला नव्हता. शिकण्याचा खर्च असतो. तो कंपनीच्या चार भिंतींच्या आत राहील याची तजवीज करणं तुमचं काम, ऑपरेटरचं नाही.

वरचे प्रश्न माझे नाहीत. टोयोटातल्या कामाचा अभ्यास करून माइक रॉदर यांनी २००९ मध्ये जी मांडणी केली, तिचाच हा चाकण अवतार: गाठायचं काय, आत्ता कुठे आहोत, आड काय येतंय आणि त्यातलं कोणतं एक हातात घेतलंय, पुढचं पाऊल कोणतं व त्यातून काय होईल असं वाटतं, आणि ते बघायला कधी जायचं. या पाचांतला मला सर्वांत उपयोगी वाटतो तो 'काय होईल असं वाटतं' हा भाग. माणसाने आधी अंदाज बोलून दाखवला की तो चुकल्यावर शिकतो. नुसतं 'करून बघतो' म्हटलं की काहीही झालं तरी 'बघितलं, नाही झालं' एवढंच उरतं. तुमच्या ट्रेनिंगमध्ये बहुधा 'ग्रो' मॉडेल शिकवलं असेल: ध्येय, वास्तव, पर्याय, आणि काय करणार. १९८० च्या दशकात जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते इंग्लंडात घडवलं, आणि ते चांगलंच आहे. पण ते खोलीत बसून होणाऱ्या बोलण्याला जास्त जमतं, करिअर कुठे न्यायचं, कामाचा ताण कसा वाटायचा वगैरे. लाइनवर मशिनशेजारी उभं राहून मला टोयोटाचे प्रश्न बरे पडतात, कारण ते माणसाला पीसकडे, गेजकडे, आकड्याकडे बघायला लावतात. बोलणं वस्तूविषयी राहतं. ते माणसाविषयी व्हायला लागलं की समोरचा बचावाला उभा राहतो.

आता तुमची मुख्य तक्रार, 'साहेबांना येत नाही.' यावर आपल्याच देशात काम झालंय आणि ते एचआरच्या स्लाइडवर क्वचित दिसतं. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये भारतीय कामाच्या ठिकाणांसाठी एक नेतृत्वशैली मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्याकडे वरिष्ठाने माणसाची आस्थेने विचारपूस करावी आणि त्याच वेळी काम काय, कसं, हे स्पष्ट सांगावं, अशी अपेक्षा असते. पहिल्याच दिवशी 'तुम्ही सगळे मिळून ठरवा' म्हणणारा वरिष्ठ कमजोर वाटतो. माणूस तयार होत जातो तसं सांगणं कमी आणि सहभाग जास्त, असा हा प्रवास. मला हे शॉपमध्ये तंतोतंत पटलेलं आहे. तुम्ही कालपर्यंत शिफ्टमध्ये ओरडून काम करून घेत होता. सोमवारी अचानक 'तुला काय वाटतं?' सुरू केलंत. लोक बुचकळ्यात पडणारच.

म्हणून आधी तुम्हाला येतं हे त्यांना दिसू द्या. मशिनवर उभे राहा, एक अवघड सेटिंग स्वतः करा, गेज हातात घ्या. आणि मग उघड सांगा: 'मला याचं उत्तर माहीत आहे असं वाटतं, पण पुढच्या वेळी मी इथे नसेन. तू शोध, मी दोन दिवस थांबतो.' हे न सांगता प्रश्न विचारले की ते एकतर अज्ञान वाटतं किंवा सापळा. आणि ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही, तिथे तसंही सांगा. तिथे तुम्ही दोघं मिळून शोधताय, आणि त्याने इज्जत कमी होत नाही.

कुठे कोचिंग करायचंच नाही, हे पटकन सांगतो. मशिनचं दार उघडं ठेवून इंटरलॉक (दार उघडं असताना मशिन चालू न देणारी सुरक्षा) बायपास केलेला दिसला, तर 'यातून काय होईल असं वाटतं' विचारत बसू नका. मशिन बंद, माणूस बाजूला, आवाज चढला तरी चालेल. कस्टमरची लाइन थांबलेली असताना तेच. हुकूम द्या, बोलणं दुसऱ्या दिवशी. आणि ज्याने कधी टूल ऑफसेटचं पान उघडलेलं नाही, त्याला प्रश्न विचारणं हा छळ आहे. त्याला शिकवा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी जी पद्धत बसवली गेली ती अजून पुरते: तयारी करून घ्या, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर येऊन तपासा. ती युद्धानंतर जपानला गेली, आणि टोयोटाच्या मुळाशी तीही आहे. कोचिंग त्याच्या पुढची पायरी.

हे माणसागणिक नसतं, कामागणिक असतं, एवढं ध्यानात ठेवा. पंचवीस वर्षं टर्निंग केलेला सेटर नव्या मशिनच्या प्रोग्रामिंगमध्ये नवखा असतो. त्याला टर्निंगमध्ये शिकवायला जाल तर अपमान, आणि प्रोग्रामिंगमध्ये 'तुम्हीच ठरवा' म्हणाल तर अडचण.

या जुन्या सेटरचं प्रकरण वेगळं हाताळावं लागतं. तो वयाने तुमच्यापेक्षा मोठा, तुम्ही त्याला काका म्हणता, आणि त्याच्यासमोर वही घेऊन 'तुमचं ध्येय काय' विचारलंत तर तो हसेल, नाहीतर युनियनच्या माणसाला सांगेल. त्याचं कोचिंग करूच नका. त्याला कोच करा. 'काका, ही दोन पोरं तुमच्याकडे देतो. त्यांना उत्तर सांगायचं नाही एवढीच अट.' ही अट त्याला सर्वांत जड जाते, कारण त्याची किंमतच आजवर उत्तर माहीत असण्यात होती. काही जण ज्ञान धरून ठेवतात, ते दुष्टपणामुळे नव्हे. सगळ्यांना आलं तर आपली गरज काय उरेल, ही भीती असते. ती भीती खोटी आहे असं नुसतं सांगून जात नाही. त्याने तयार केलेली पोरं स्वतंत्रपणे मशिन चालवायला लागली की ते त्याच्या नावावर, सकाळच्या मीटिंगमध्ये, प्लँट हेडसमोर सांगा.

कंत्राटी कामगार आणि वर्षाच्या बोलीवर आलेले ट्रेनी हा कडू भाग. जो मुलगा काही महिन्यांत दुसऱ्या गेटवर उभा असणार, त्याने तुमच्या रिजेक्शनमध्ये का जीव घालावा? मी त्यांनाही प्रश्न विचारतो, कारण हातात आलेलं कौशल्य तो बरोबर नेतो आणि ते त्याला माहीत असतं. पण वेळ मोजका असेल तर तो सेटर आणि लाइन लीडरवर घाला. ते राहणार आहेत. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. चाळीस माणसांना एकटा माणूस कोच करू शकत नाही, एवढंच. चार-पाच जण घ्या. शिफ्ट बदलताना दहा-पंधरा मिनिटं, मशिनपाशी, रोज एकाशी. केबिनमध्ये बोलावलंत की शॉपमध्ये बातमी होते, 'आज त्याला झापला.'

वेळ नाही, असं तुम्ही लिहिलंय. सगळेच म्हणतात. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल गोलमन यांनी २००० साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ३,८७१ अधिकाऱ्यांच्या पाहणीवरून सहा नेतृत्वशैली मांडल्या होत्या. त्यांत कोचिंग सर्वांत कमी वापरली जाणारी निघाली, आणि कारण हेच: कामाच्या रेट्यात सवड कुठे आहे. त्याच लेखात असंही आहे की शिकायची इच्छाच नसलेल्या माणसावर ही शैली चालत नाही. तेव्हा शॉपमधले एक-दोघं दाद देणार नाहीत. त्यांना स्पष्ट कामं द्या, तपासा, आणि पुढे जा. वेळेचा हिशेब मात्र तुम्ही उलट बाजूने करून बघा. महिनाभर रात्रीचे फोन लिहून काढा: कोणाचा, कशाबद्दल. निम्मे फोन त्याच त्या तीन-चार गोष्टींचे निघतील असा माझा अंदाज आहे. तिथून सुरुवात करा. जो प्रश्न परत परत येतो तोच कोचिंगला योग्य. एकदाच आलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळं व्हावं.

तुमच्या वरच्या साहेबांशी हे आधी बोलून घ्या. नाहीतर असं होईल: ट्रेनी शोध घेतोय, त्या दोन दिवसांत आकडा लाल झाला, आणि मीटिंगमध्ये विचारणा झाली, 'तुम्ही तिथे काय करत होता?' त्या क्षणी तुम्ही ट्रेनीचं नाव पुढे केलंत, तर पुढचं वर्षभर कोणी तोंड उघडणार नाही. आधीच सांगून ठेवा की या लाइनवर, अमुक दिवस, एवढा माल बाजूला पडेल, बाहेर एकही पीस जाणार नाही. बहुतेक प्लँट हेड एवढ्यावर मान्य करतात. आकडा आधी सांगितलेला असला की तो लाल दिसला तरी धक्का नसतो.

अप्रेझलचं एक. लाइनवर पोराने मोकळेपणाने 'हे मला येत नाही' म्हटलं आणि मार्चमध्ये ते त्याच्या फॉर्मवर उमटलं, की संपलं. दोन वह्या वेगळ्या ठेवा. एचआर मागेल; कोचिंगची वही देऊ नका, कोणाला कोणत्या मशिनवर सोडता येतं तो स्किल मॅट्रिक्स द्या. त्यांना खरं तर तेवढंच हवं असतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की कोचिंगचा सर्टिफिकेट कोर्स करावा का, कंपनी अर्धे पैसे देतेय. पुढेमागे एचआरकडे किंवा सल्लागार म्हणून जायचं असेल तर जरूर करा. या शॉपसाठी मात्र आत्ता नको. त्याऐवजी त्याच बजेटमधून दुसरा बोअर गेज आणि लाइनवर कायम राहील अशी मास्टर रिंग मागून घ्या. एका गेजवर तीन मशिनं चालत असतील तर ऑपरेटरने निर्णय घ्यायचा कशाच्या जोरावर?